रांगोळीने आखलेलं घर

लग्न होऊन गोव्यातल्या फोंड्याजवळच्या या चिऱ्याच्या घरात आले तेव्हा आम्ही अकरा माणसं जेवायला बसायचो. आता दोघंच. ह्यांचं वय 73, माझं 68. गेल्या दोन वर्षांत माडीवर मी चारदा गेले असेन, त्यातल्या दोन वेळा मांजर शोधायला. एका पावसाळ्यात न्हाणीकडे जाताना हे घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण मुलाचा पुण्याहून फोन आला : ज्येष्ठांच्या वसाहतीत जागा बघा.

जायचं की नाही यावर फारसा वाद झालाच नाही. वाद झाला तो केवढी जागा घ्यायची यावर. म्हापशाकडच्या एका वसाहतीत वन बीएचके, टू बीएचके आणि मागच्या बाजूला दुमजली व्हिला, असे तीन प्रकार होते. ह्यांना व्हिला हवा, कारण दारात माती पाहिजे आणि मातीत माड. मला वन बीएचके, कारण चाळीस वर्षं या घराचा केर मी काढलाय. मुलाचं म्हणणं, "टू बीएचके घ्या गं आई, आम्ही आलो की झोपायचं कुठे?"

व्हिला दहा मिनिटांत निकालात निघाला. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. जिना नको म्हणून घर सोडायचं आणि पुन्हा जिनाच विकत घ्यायचा? हे गप्प बसले, पण दोन दिवस जेवताना माडांविषयीच बोलत होते.

जुनं घर विकून पैसे उभे करायचा प्रश्न नव्हता. हे धरून चार भाऊ, आणि गोव्याच्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवऱ्याच्या वाट्यात बायकोचाही अर्धा हिस्सा, म्हणजे आठ सह्या. आठ जणांचं एकमत आमच्याकडे फक्त गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीला काय बांधायचं यावर होतं, तेही दरवर्षी नाही. तेव्हा माझा पीएफ, ह्यांची ग्रॅच्युइटी आणि थोड्या ठेवी, एवढ्यातच बसवायचं होतं.

माहितीपत्रकात टू बीएचके "100 चौरस मीटर" छापलं होतं. मुलगा फुटात विचार करतो. तो म्हणाला, 1,076 चौरस फूट, मस्त आहे की. मी शाळेत गणित शिकवलेलं, मला उगाचच शंका आली. कार्पेट एरिया किती, विचारलं. ऑफिसातला मुलगा कॅल्क्युलेटर शोधायला लागला तेव्हाच ओळखलं. निघाले 66 चौरस मीटर. बाकीच्या 34 मीटरमध्ये बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि जिना, लिफ्ट, लॉबीतला आमचा वाटा. बिल्डरांवर वचक ठेवणारा रेरा कायदा 2016 चा. त्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. करारात हाच आकडा येतो. मेन्टेनन्स मात्र ते 100 मीटरवरच लावणार होते, म्हणजे लॉबीतल्या हवेचेही पैसे महिन्याच्या महिन्याला. वन बीएचके 65 छापलेलं, हाती 44.

आता 44 आणि 66 म्हणजे नेमकं केवढं? कागदावर काही कळेना. दिवाळी जवळ आलेली, अंगण सारवलेलं होतं. मी रांगोळीचा डबा आणि मोजपट्टी घेतली आणि वन बीएचकेचा नकाशा खऱ्या मापात अंगणात काढला. पहिल्या खेपेला तुळशीवृंदावन बरोबर हॉलच्या मधोमध आलं. पुसून बाजूला सरकवला. शेजारची वहिनी कुंपणावरून म्हणाली, "हें कितें गो बाय?" म्हटलं, घर. ती आत आली, रांगोळीच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि हॉलमध्ये उभी राहिली.

झोपायची खोली तीन बाय तीन. आमचा पलंग 1.6 मीटर रुंद. तो एका भिंतीला लावला, समोर 60 सेंटीमीटर खोल कपाट धरलं, मधे 80 सेंटीमीटरची गल्ली उरली. चालायला पुरते. मग हे कुठूनतरी व्हीलचेअर घेऊन आले. वाड्यावर एकाकडे आई गेल्यापासून पडून होती. खुर्ची गल्लीत शिरली, पण फिरेना. जागच्या जागी वळवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. 75 सेंटीमीटर सुंभ कापलं, एक टोक पायाखाली धरलं आणि रांगोळीने वर्तुळ काढत गेले. बाथरूममध्ये ते वर्तुळ दोन्ही भिंती ओलांडून गेलं. दुसऱ्या दिवशी टू बीएचके आखलं, तर तिथल्या एका बाथरूममध्ये वर्तुळ भिंतींना जेमतेम टेकून बसलं. हे खुर्चीत बसून बेडरूमपासून बाथरूमपर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "दार अरुंद आहे." खरंच होतं. नकाशात 75 सेंटीमीटरचं दार. व्हीलचेअरसाठी 90 हवं. ते आम्ही पुढे लेखी बदलून घेतलं, तेही बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलायचं कसं?

तरीही मी वन बीएचकेवरच अडून होते. माझं मन वळलं ते जुलैमध्ये. वसाहतीत दहा दिवस राहून बघायची सोय होती. एजंट म्हणाला, डिसेंबरात या, हवा छान असते. आम्ही मुद्दाम जुलै धरला. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तिसऱ्या दिवसापर्यंत बाल्कनी कोपऱ्यापर्यंत ओली, आणि कपडे वाळवायचा स्टँड हॉलमध्ये. सहा फुटांचा तो स्टँड उघडला की सोफा आणि टीव्ही यांच्यात माणूस आडवा होऊनच जाणार. सातव्या दिवशी ह्यांच्या चामड्याच्या चपलांवर बुरशी. पावसाळ्यात घर आक्रसतं, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने.

दुसरी गोष्ट माशांची. सामायिक भोजनगृह चांगलं होतं, पण शुद्ध शाकाहारी. म्हणजे बांगड्यांचं हुमण व्हायचं तर ते माझ्याच ओट्यावर. वन बीएचकेत ओटा हॉललाच जोडलेला आणि खिडकी नाही. एकदा केलं. वाळत घातलेल्या लुगड्यालाही वास लागला. टू बीएचकेत स्वयंपाकघर वेगळं, खिडकी मागच्या बाजूला. मे महिन्यातलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, ठेवायला वर माळाही आहे. सोलां, मिरच्या, चिंच आणि खारातले आंबे विकत आणून खायचं वय माझं अजून झालेलं नाही.

मुलाच्या झोपण्याचा प्रश्न मात्र यात कुठेच आला नाही. तो वर्षाला बारा दिवस येतो, त्यातली चवथ फोंड्यालाच. गणपती मूळ घरातच बसतो, पंधरा-वीस माणसं तिथेच जमतात, नव्या घरात त्यांची सोय करायची गरजच नाही. उरलेल्या दिवसांसाठी वसाहतीत गेस्ट रूम आहेत. किती आहेत हे मात्र विचारा. आमच्याकडे साठ घरांना दोनच, आणि डिसेंबरच्या सुट्टीचं बुकिंग जुलैतच भरलेलं होतं.

दुसऱ्या खोलीचा खरा हिशेब माझ्या आईच्या आजारपणात झाला होता, फक्त मी तो विसरले होते. दोन वर्षं रात्रीची बाई स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायची. पहाटे पाण्याला गेलं की तिच्या डोक्याशी पाय लागायचा. उद्या आमच्यापैकी कोणाला बाई ठेवावी लागली, तर तिला दार लावून झोपता येईल अशी जागा हवी. हे मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आणि तोवर?" तोवर त्या खोलीत मी झोपते. ह्यांचं घोरणं आता भिंतीपलीकडून येतं.

फेब्रुवारीत राहायला आलो. माडाचं रोप हे पिंपात लावून घेऊन आले, बाल्कनीत. पावसाच्या आधी बाल्कनीला पाऊस अडवणारी पत्र्याची झड लावायची परवानगी व्यवस्थापनाकडे मागितली आहे. मे निम्मा संपला, उत्तर आलेलं नाही.