चेरी काउंटी : गवताखालची वाळू

रविवार, १४ सप्टेंबर २०२५
व्हॅलेंटाइन, नेब्रास्का

काल पहाटे ओमाहाहून निघून दुपारच्या आत इथे पोहोचलो. या राज्यात नऊ वर्षे काढली, तरी चेरी काउंटी पाहायची राहूनच गेली होती. क्षेत्रफळाने ही नेब्रास्कातील सर्वांत मोठी काउंटी असून ती जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, म्हणजे सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर भरते; २०२० च्या जनगणनेत मात्र इथे माणसे सापडली ती अवघी ५,४५५, आणि त्यांतली जवळपास निम्मी एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये. पश्चिमेकडच्या भागात घड्याळही एक तास मागे चालते, त्यामुळे एकाच काउंटीत भेटीची वेळ ठरवताना कोणाची वेळ ते विचारून घ्यावे लागते. गावाच्या नावापायी फुटपाथवर लाल बदाम रंगवलेले आहेत आणि फेब्रुवारीत इथल्या टपाल कचेरीचा शिक्का मिळावा म्हणून लांबलांबून पाकिटे येतात, परंतु हे नाव प्रेमाच्या संताचे नसून एडवर्ड व्हॅलेंटाइन या अमेरिकी खासदाराचे आहे. काउंटीच्या नावाचाही चेरीच्या फळाशी संबंध नाही. १८८१ मध्ये मारल्या गेलेल्या सॅम्युएल चेरी या लेफ्टनंटचे ते नाव आहे.

आज सकाळी ८३ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला गेलो. गाव सोडून थोडे पुढे जाताच दोन्ही बाजूंना टेकड्या सुरू होतात, आणि त्या दगडमातीच्या नव्हेत, निव्वळ वाळूच्या आहेत. वाऱ्याने रचलेल्या, काही तर शंभर मीटरहून उंच अशा या टेकड्यांना सँडहिल्स म्हणतात. त्यांच्या अंगावर गवताचे पांघरूण आहे एवढेच, नाहीतर हे वाळवंटच झाले असते. इथे वर्षाला पाऊस पडतो तो साधारण ५०० मिलिमीटर, म्हणजे आमच्या माणदेशात पडतो जवळपास तेवढाच. पण आमच्याकडे वळवाचे पाणी कातळावरून धावत ओढ्याला मिळते आणि दुसऱ्या दिवशी ओढा कोरडा; इथली वाळू मात्र थेंबही वाहू देत नाही, सगळे पोटात घेते. ओगलाला नावाचा भूजलसाठा याच टेकड्यांखाली सर्वांत जाड आहे, आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी तोच वर येऊन तळी होतात.

रस्त्याकडेला एका पवनचक्कीपाशी गाडी थांबवली. पाती करकरत होती, दांडा खालीवर होत होता आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर नळीतून ओंजळभर पाणी भसकन लोखंडी टाकीत पडत होते. टाकी काठोकाठ भरून बाजूच्या गवतात सांडत होती. मी मनगटापर्यंत हात बुडवला, तर सप्टेंबरच्या उन्हातही बोटे बधिर झाली. सांडणारे पाणी पाहून जीव कासावीस होण्याची माझी सवय इथे निरुपयोगी आहे, हे कळायला दोन मिनिटे लागली.

समोरच्या टेकडीला एका जागी खांडूक झाल्यासारखा उघडा खड्डा पडला होता आणि त्यात कोणीतरी जुने टायर टाकून ठेवले होते. गवत एकदा फाटले की वारा आतली वाळू उपसू लागतो आणि खड्डा वर्षागणिक रुंदावत जातो, म्हणून टायर किंवा जुने गवत टाकून तो थोपवतात. या प्रदेशाचे सगळे अर्थशास्त्र त्या बोटभर जाडीच्या पांघरुणावर उभे आहे.

दुपारी जेवताना शेजारच्या टेबलावरच्या एका वृद्ध पशुपालकाशी ओळख झाली आणि मी आपल्या गावच्या सवयीने विचारून बसलो, “आपली जमीन किती एकर?” ते हसले आणि यंदा गवत कसे आहे ते सांगू लागले. नंतर वाढणाऱ्या बाईंनी हळूच सांगितले की इथे हा प्रश्न म्हणजे बँकेत किती शिल्लक आहे असे विचारण्यासारखे आहे. मी ओशाळलो. पण हा प्रश्न इथे माझ्याआधी वॉशिंग्टनमधल्या सरकारने विचारला होता, आणि त्याचे उत्तर चुकीचे काढले होते.

मुळात हा लकोटा या मूळनिवासी लोकांचा शिकारीचा मुलूख. ते उत्तरेला रोझबडच्या राखीव क्षेत्रात ढकलले गेले आणि त्यांच्यावर नजर ठेवायला १८८० च्या सुमारास नायोब्रारा नदीकाठी लष्करी ठाणे आले. त्यानंतर इथे पोहोचला तो जमीन वाटायचा जुना कायदा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळत. पूर्व नेब्रास्कात तेवढे पुरले, पण इथे वासरासह एका गाईलाच वर्षाला दहा-पंधरा एकर किंवा त्याहूनही जास्त कुरण लागते. मोठ्या पशुपालकांनी मग सरकारी जमिनीलाच तारेचे कुंपण घातले. स्पेड रँचच्या बार्टलेट रिचर्ड्स यांनी तर यादवी युद्धातील सैनिकांच्या विधवांच्या नावाने दावे लावले, त्यासाठी त्यांना शिक्षा झाली आणि १९११ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी १९०४ मध्ये खासदार मोझेस किंकेड यांनी कायदा करवून वाटप ६४० एकरांवर नेले. ६४० एकर म्हणजे पुरा एक चौरस मैल! आमच्या चार एकर जिरायतीच्या वाटणीवरून दोन पिढ्या भाऊबंदकी चालली. मला हा आकडा वाचून गरगरले. तरीही त्यावर पन्नासएक गाई जेमतेम जगत, आणि ज्यांनी नांगर घातला त्यांच्या हाती वाळू लागली.

किंकेडच्या कायद्याने जमीन घेतलेल्या त्या ‘किंकेडर’ मंडळींत कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. त्यांतल्या काहींचे पूर्वज गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेले. १९०७ च्या सुमारास नॉर्थ लूप नदीकाठी त्यांनी डेविटी ही वस्ती वसवली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची एवढी मोठी वस्ती नेब्रास्कात दुसरी झाली नाही. मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांची घरे, शाळा, चर्च सगळे त्यांनी उभे केले. झाडे नसल्याने सरपण नव्हते, त्यामुळे या टेकड्यांतल्या बायका-मुले रानात वाळलेले शेण वेचून चुलीला लावत. रानगोवऱ्याच त्या, हे वाचताना आजीची पाटी डोळ्यांपुढे आली. पुढे एकेक कुटुंब जमीन विकून गेले आणि १९३० च्या दशकापर्यंत वस्ती उठली.

ब्राउनली या वस्तीजवळ महामार्गावर २०१६ मध्ये लावलेला डेविटीचा फलक उतरत्या उन्हात वाचला. घर, ओटा, विहीर, काहीच दिसत नाही. मातीच्या विटा परत गवतात मिसळून गेल्या असणार. मी वाचत असताना पलीकडच्या कुरणातल्या काळ्या गाई एकामागून एक कुंपणापाशी आल्या. हिवाळ्यात गाडीतून पेंडीच्या कांड्या टाकतात, त्याला इथे केक म्हणतात. गाडी थांबली की त्यांना तोच आठवतो. माझ्याजवळ चिवड्याची पिशवी तेवढी होती. मी गाडी सुरू करून बराच पुढे गेलो, तरी आरशात त्या तारेला छाती लावून तशाच उभ्या दिसत होत्या.