आमची वाटचाल: बॅटरीच्या टक्क्यांची जबाबदारी

पुण्यात धायरीच्या एका गाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी काम सुरू केलं, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांचे पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, सोल्डर करून देण्याचं जॉबवर्क करायचो. स्वतःचं उत्पादन असावं ही इच्छा पहिल्यापासून होती. संधी मिळाली ती मोबाइलमुळे. २०१३ साली अँड्रॉइड ४.३ मध्ये ब्लूटूथ लो एनर्जीची, म्हणजे फार कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथची, सोय आली आणि पुढच्या काही वर्षांत ती स्वस्त फोनपर्यंत पोहोचली. बटन सेलवर महिनोन्‌महिने चालणारं यंत्र थेट शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनशी बोलू शकेल, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

आम्ही द्राक्षबागेसाठी सेन्सर बनवतो. पान किती वेळ ओलं राहिलं, तापमान आणि आर्द्रता किती होती, एवढंच तो मोजतो. पण डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांच्या फवारणीचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी भागातले बागायतदार हे आमचे पहिले ग्राहक आणि आजही तेच आमचा कणा आहेत.

या सगळ्यात बॅटरीचे टक्के म्हणजे अगदी किरकोळ गोष्ट वाटते. ब्लूटूथच्या मानकात त्यासाठी ठरलेली जागा आहे: बॅटरी सर्व्हिस, क्रमांक १८०एफ. तिच्या आत २ए१९ क्रमांकाखाली एकच बाइट असतो, किंमत ० ते १००. फोन कुठल्याही कंपनीचा असो, ही जागा माहीत असलेलं ॲप तो आकडा वाचतं. पाठवण्याचं काम एका दुपारी होतं. तो आकडा खरा असावा, यासाठी मात्र आमची काही वर्षं गेली आहेत, आणि त्याचं मला समाधान आहे.

आमच्या सेन्सरमध्ये सीआर२०३२ हा सेल आहे. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, साधारण २२० मिलिअँपिअर-तास क्षमता. त्याचा व्होल्टेज आयुष्याचा बराच काळ ३ च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी झपकन उतरतो. म्हणून व्होल्टेजवरून टक्के काढण्याचं गणित सरळ रेषेत बसत नाही. त्या काळी सेन्सरमधल्या चिपच्या कंपनीच्या नमुना कोडमध्ये एक प्रचलित सूत्र होतं: ३ व्होल्टला १००, २.९ ला ४२, २.७४ ला १८. म्हणजे व्होल्टचा दहावा भाग उतरला की निम्म्याहून जास्त टक्के गेले! खोलीतल्या टेबलावर हे चालून जातं. निफाडच्या जानेवारीत चालत नाही.

थंडीच्या लाटेत निफाडचा पारा अनेकदा राज्यात सगळ्यांत खाली जातो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि त्याच वेळी बागायतदार फोन काढून सेन्सर बघतो. एका बागायतदारांचा फोन आला, "भाऊ, सकाळी अठ्ठावीस टक्के, दुपारी साठ. सेल उन्हानं भरतोय का?" प्रश्न अगदी रास्त होता. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. रेडिओ चालू होतो त्या क्षणी काही मिलिअँपिअर प्रवाह एकदम खेचला जातो आणि व्होल्टेज खाली बसतो. रोध ३० ओहम असेल आणि प्रवाह १० मिलिअँपिअर, तर ०.३ व्होल्ट तिथेच गेले. ऊन चढलं की तोच सेल पुन्हा टवटवीत.

इथे एक गोष्ट आम्हाला नीट समजून घ्यावी लागली. पहाटेचा तो कमी आकडा पूर्ण खोटा नसतो. टाकीत पाणी आहे, पण तोटी आवळलेली आहे, तसं होतं. सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असूनही पहाटे पाच वाजता तो ती देऊ शकला नाही, तर सेन्सर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि नेमकी दव पडण्याच्या वेळची नोंद हुकते. डावणीसाठी तीच वेळ महत्त्वाची. म्हणून आम्ही दोन प्रश्न वेगळे केले: सेलमध्ये किती उरलं आहे आणि मागितल्यावर तो देतो का.

पहिल्याचं उत्तर मोजणीतून मिळतं. एक मोजमाप घ्यायला किती प्रवाह लागतो, एक संदेश हवेत सोडायला किती, झोपेत किती, हे सगळं आम्ही कामाच्या टेबलावर मोजलं. सेन्सर स्वतःच्या कामांचा हिशोब ठेवतो आणि खर्च वजा करत जातो. दुपारी तापमान २० अंशांच्या वर असताना व्होल्टेज तपासून तो हिशोब पडताळतो. टक्के कमी होतात, पण सेल बदलल्याशिवाय कधीच वाढत नाहीत. दुसऱ्या प्रश्नासाठी पहाटेच्या थंडीत, रेडिओ चालू असताना व्होल्टेज कुठवर बसला ते लक्षात ठेवतो. आमची चिप १.७ व्होल्टपर्यंत चालते, पण आम्ही त्याच्या बरंच आधी सावध करतो. सोबत सेलला समांतर मोठा सिरॅमिक कपॅसिटर जोडला, म्हणजे तो क्षणिक झटका सेलवर येत नाही.

टक्के वाचण्यासाठी फोनने जोडणी करावी, अशी पद्धत आहे. पण दरवेळी जोडणी केली तर तीच बॅटरी खाते. ब्लूटूथ लो एनर्जीचं यंत्र ठरावीक वेळाने एक छोटा संदेश हवेत सोडत असतं. त्याच्या मूळ स्वरूपात ३१ बाइट मावतात, त्यातच आम्ही टक्के बसवले. बागेच्या ओळीतून नुसतं चालत गेलं की सगळ्या सेन्सरची यादी फोनवर येते. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत असा संदेश ऐकायलाही लोकेशनची परवानगी लागायची. "बॅटरी बघायला आमचं लोकेशन कशाला?" असं शेतकरी विचारत आणि त्यांचं बरोबरच होतं. परवानगी मागण्याआधी कारण सांगणारं मराठी पान आम्ही ॲपमध्ये घातलं. अँड्रॉइड १२ मध्ये ही परवानगी लोकेशनपासून वेगळी झाली तेव्हा हायसं वाटलं.

ॲपमधला सगळ्यांत उपयोगी बदल मात्र ग्राहकांनीच सुचवला. बागायतदाराला ४३ टक्के कळून काय करायचं? त्याचं साल छाटणीवर चालतं. ऑक्टोबर छाटणीला बसवलेला सेल काढणीपर्यंत पुरेल का, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून त्या प्लॉटची छाटणीची तारीख ॲप विचारतं आणि खर्चाच्या वेगावरून "काढणीपर्यंत पुरेल" किंवा "डिसेंबरात बदला" असं सांगतं. टक्के खाली बारीक अक्षरात असतात. ब्लूटूथच्या बॅटरी सर्व्हिसची पुढची आवृत्ती आली आहे, तिच्यात उरलेला वेळ सांगण्याचीही सोय आहे. ते वाचून आमच्या बागायतदारांचा मला अभिमान वाटला.

बाजारात नकली बटन सेल भरपूर मिळतात. नवा सेल घातला की सेन्सर सुरुवातीलाच काही मिलिसेकंद भार टाकून तो किती दबतो ते बघतो. फार दबला, तर १०० टक्के न दाखवता "सेल तपासा" असं सांगतो. एवढ्या तपासणीवर आमच्या दुरुस्ती विभागातल्या ताईंना येणारे निम्मे फोन कमी झाले.

आता हवामान केंद्रासाठी मोठा सेन्सर बनवतो आहोत. त्यात पेन्सिल सेलच्या आकाराचा ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल असेल. त्याला थंडीची फारशी फिकीर नाही, पण व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, म्हणजे व्होल्टेजवरून काहीच कळणार नाही, सगळी भिस्त हिशोबावर. त्याचे पहिले नग येत्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरीत बसतील.