आमची वाटचाल : रुग्णालयाच्या दाराशी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक भाड्याचा गाळा, दोन टेबले, एक ड्रिल मशीन आणि वायरची चार बंडले एवढ्या भांडवलावर २००६ साली कार्डावर उघडणारी दारे बसवण्याचे आमचे काम सुरू झाले. त्याआधी मी एका कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात होतो आणि कामगारांच्या हजेरीची पंचिंग यंत्रे दुरुस्त करता करता हा विषय हाती लागला होता. ठाण्यातले जुने कारखाने एकेक करून बंद होत होते, त्यांच्या जागी कार्यालये उभी राहत होती आणि प्रत्येक कार्यालयाला काचेचे दार, दाराला चुंबकी कुलूप आणि कर्मचाऱ्याच्या गळ्यात कार्ड हवे होते. हिशेब पत्नी सांभाळत असे. मी आणि एक वायरमन मिळून कामे उरकत असू. रुग्णालयाचा विचार तेव्हा आमच्या मनातही नव्हता.

पाचपाखाडीतल्या एका लहान रुग्णालयाचे काम ओळखीतून आले. अतिदक्षता विभागात नातेवाईक वेळी-अवेळी शिरतात, ते थांबवायचे होते. कार्यालयाला बसवतो तसेच चुंबकी कुलूप, बाहेर कार्डाचे यंत्र आणि आत बाहेर पडण्याचे बटण आम्ही बसवले, बिल दिले आणि निघालो. आठवड्याने तपासणीसाठी गेलो तेव्हा त्या दाराच्या फटीत सलाईनचे रिकामे खोके घडी करून अडकवलेले होते आणि दार सताड उघडे होते. मी काहीशा रागानेच विचारले, तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दादा, एका हातात रुग्णाला श्वास देण्याची ॲम्बू बॅग असते, दुसऱ्या हाताने स्ट्रेचर ओढायचा असतो. कार्ड कुठल्या हाताने दाखवू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दाराशी अडकवलेले ते खोके ही कर्मचाऱ्यांची बेशिस्त नव्हती. ती आमच्या कामावरची तक्रार होती आणि ती लेखी तक्रारीपेक्षा जास्त स्पष्ट होती.

त्या दिवशी संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत मी त्या दारासमोरच्या बाकावर बसून राहिलो आणि कोण येते, कोण जाते, कोणाच्या हातात काय असते ते वहीत टिपत गेलो. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, जेवणाची ट्रॉली घेऊन येणारे काका, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या नेणाऱ्या मावशी, रक्तपेढीहून पिशवी घेऊन धावत आलेला एक मुलगा. कार्यालयाच्या दारातून दिवसभर एकाच प्रकारची माणसे जातात. इथे पाच तासांत निराळ्या कामाची, निराळ्या घाईची इतकी माणसे गेली की एकच नियम सर्वांना लावणे शक्य नव्हते. आम्ही ते दार पुन्हा केले. आतल्या बाजूला कोपराने दाबता येईल असे मोठे बटण कमरेच्या उंचीवर बसवले, बाहेर स्ट्रेचर आला की परिचारिका-कक्षातून दार उघडता येईल अशी सोय केली, दार हळू मिटेल असा क्लोजर लावला आणि दार ठरावीक वेळेपेक्षा जास्त उघडे राहिले तरच मंद आवाज होईल असे केले. त्यानंतर तिथे खोके दिसले नाही. आजही कोणत्याही रुग्णालयाचे कोटेशन देण्यापूर्वी आमचा माणूस दिवसपाळीत एकदा आणि रात्रपाळीत एकदा दाराशी बसतो. त्याचे पैसे आम्ही लावत नाही.

आमच्या वाटचालीतली सर्वांत मोठी चूक आगीच्या संदर्भातली आहे आणि ती लपवून ही हकिकत पूर्ण होणार नाही. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवते. असे साधे कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेते आणि सुमारे २७० किलोचा जोर लागेपर्यंत दार सोडत नाही. वीज गेली की दार मोकळे होते, म्हणून सुटकेच्या मार्गावर ते योग्य मानले जाते. पण वीज गेल्यावर लगेच दारे उघडी पडू नयेत म्हणून आपणच त्याला बॅटरी जोडतो. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात आम्ही आगीच्या सूचनायंत्रणेची तार आमच्या नियंत्रण पॅनलला, म्हणजे कार्ड तपासून दार उघडणाऱ्या पेटीला, जोडली होती; आगीचा इशारा मिळाला की पॅनलने कुलपे सोडावीत, अशी ती रचना होती. सरावाच्या दिवशी भोंगा वाजला, सात दारे उघडली आणि आठवे दार उघडले नाही. त्या दाराचा पॅनल काही दिवसांपूर्वीच बंद पडला होता, पण कुलपाला पुरवठा बॅटरीवरून थेट होता, त्यामुळे कुलूप शांतपणे धरून बसले होते. आत सरावासाठी उभ्या असलेल्या दोन सिस्टर काचेतून आमच्याकडे पाहत होत्या. तो सराव होता, म्हणून कोणाला काही झाले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आधी केलेल्या प्रत्येक रुग्णालयाची तार तपासली आणि स्वतःच्या खर्चाने बदलली. आता आगीच्या यंत्रणेचा रिले, म्हणजे इशारा मिळताच वीज तोडणारा स्विच, कुलपाच्या पुरवठ्याच्या तारेतच बसतो. पॅनल जिवंत असो वा मृत, संगणक चालू असो वा बंद, भोंगा वाजला की कुलपाचा प्रवाह तुटतो. शिवाय प्रत्येक दाराशेजारी हिरवी आणीबाणीची पेटी असते, तिची काच दाबली की तीच तार हाताने तुटते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागून दहा अर्भके गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार आणि मुंब्रा इथल्या रुग्णालयांना आगी लागून रुग्ण दगावले. मुंब्रा तर आमच्याच महापालिकेच्या हद्दीतले. त्या बातम्या वाचताना ते आठवे दार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीच्या यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते; आम्ही आमच्या दारांची तपासणी त्याच दोन महिन्यांना बांधून घेतली आहे आणि त्या तपासणीत पॅनल मुद्दाम बंद करून मगच भोंगा वाजवतो.

याचा अर्थ प्रत्येक दार वीज जाताच उघडावे असा मात्र नाही. मॉर्फिन, फेंटानिलसारखी नशा आणणारी औषधे ठेवण्याची खोली वीज गेल्यावर उघडी पडली तर ती यंत्रणा निरुपयोगी आहे. तिथे वीज गेली तरी बाहेरून बंदच राहणारे कुलूप लागते, पण आत असलेल्या माणसाला साधी मूठ फिरवून, विजेशिवाय, कधीही बाहेर पडता आले पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा हा फरक आम्हाला प्रत्यक्ष पाहायला मिळाला. जनरेटर चालू होईपर्यंतची मधली वेळ बॅटरीने काढायची असते, आणि दोन ठिकाणी आमच्या बॅटऱ्या फुगून निकामी झालेल्या निघाल्या. सात अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन कुलपे सात तास धरते. आपल्याकडच्या उकाड्यात, बंद पेटीत तीन वर्षे पडलेली बॅटरी सात मिनिटेही धरेल याची खात्री नसते. तेव्हापासून बॅटरीवर बसवल्याची तारीख ठळक लिहितो आणि तक्रार येण्याची वाट न पाहता बदलतो.

प्रसूतिगृह आणि नवजात विभाग हा माझ्या दृष्टीने या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. बाळ पळवले गेल्याची शंका येताच द्यायच्या इशाऱ्याला रुग्णालयांत 'कोड पिंक' म्हणतात. एका ठिकाणी व्यवस्थापनाच्या परवानगीने आम्ही सराव घेतला. टॉवेलात गुंडाळलेली बाहुली एका मोठ्या कापडी पिशवीत घालून रुग्णालयाच्याच एक वयस्कर कर्मचारी, साध्या साडीत, नवजात विभागातून निघाल्या. पहिल्या दारातून एका नातेवाइकाच्या मागोमाग त्या बाहेर आल्या, जिन्याने खाली उतरल्या आणि मुख्य गेटवर सुरक्षारक्षकाने "या, मावशी" म्हणत स्वतःच दार उघडून धरले. वाहनतळापर्यंत पोहोचायला त्यांना चार मिनिटे लागली. त्या रक्षकाला दोष देण्यासारखे काही नव्हते. हातात ओझे असलेल्या वयस्कर बाईला दार उघडून देणे हे आपल्याकडचे चांगले वळण आहे. चूक अशी होती की पिशवी कुठे पाहायची, कोणाला नम्रपणे थांबवायचे, काय विचारायचे, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते, आणि इशारा त्याच्यापर्यंत पोहोचवणारा भोंगा गेटवर नव्हता. आम्ही त्या मजल्याच्या जिन्याचे दार आणि लिफ्ट इशाऱ्याला जोडली, आईच्या आणि बाळाच्या मनगटावरचे क्रमांक बाहेर पडताना ताडून पाहण्याची जागा दाराच्या आत आणली आणि गेटवर भोंगा व दिवा बसवला. दुसऱ्या सरावात त्याच मावशींना त्याच रक्षकाने, तितक्याच आदबीने, थांबवले.

एमआरआयच्या खोलीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तिथे धोका चोराचा नसतो. यंत्र वापरात नसतानाही त्यातला चुंबक चालूच असतो, हे नव्या कर्मचाऱ्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. २०१४ साली नवी मुंबईतल्या एका केंद्रात ऑक्सिजनचे सिलिंडर यंत्राकडे खेचले जाऊन दोन कर्मचारी अडकून जखमी झाले, आणि जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत रुग्णाबरोबर गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा अशाच प्रकारे मृत्यू झाला. या खोलीचे शेवटचे दार केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या कार्डावरच उघडावे, व्यवस्थापकाच्या किंवा मालकाच्या कार्डावरही उघडू नये, असा आमचा आग्रह असतो. त्यावरून एक काम आमच्या हातून गेले. त्याची मला खंत नाही.

कार्डांबाबत थोडक्यात सांगतो. सुरुवातीला आम्हीही सर्वांप्रमाणे १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर चालणारी साधी कार्डे देत असू. त्यांची नक्कल स्वस्त यंत्रावर काही सेकंदांत होते. पुढची मायफेअर क्लासिक जातीची कार्डे सुरक्षित मानली जात, पण त्यांचे गुप्तलेखन संशोधकांनी २००८ मध्ये फोडले. औषधभांडारासारख्या जागी आम्ही त्यापुढच्या पिढीचीच कार्डे देतो. बोटांचे ठसे रुग्णालयात चालत नाहीत: दिवसातून पन्नास वेळा हात धुणाऱ्या सिस्टरचा ठसा यंत्र ओळखत नाही, हातमोजा घातला तर प्रश्नच मिटला, आणि करोनाच्या काळात ती यंत्रे सगळीकडेच बंद ठेवावी लागली.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरच्या निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि आमचा फोन दिवसभर वाजू लागला. बहुतेकांना कॅमेरे वाढवून हवे होते. कॅमेरे बसवणे हा आमचा धंदा असूनही मी प्रत्येकाला आधी एकच विनंती केली, की मला रात्री दोन वाजता तुमची ड्यूटी रूम, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांची विश्रांतीची खोली, दाखवा. एका ठिकाणी खोलीला आतून कडीच नव्हती. दुसरीकडे कडी होती, पण स्वच्छतागृह दोन मजले खाली आणि मधल्या जिन्यातला दिवा गेलेला. घडून गेलेले कॅमेरा दाखवतो. दीडशे रुपयांची कडी आणि एक चालू दिवा त्याआधी लागतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे, तसे फलकही भिंतीवर असतात. परंतु कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, रुग्ण दगावल्यावर पन्नास नातेवाईक एकाच अरुंद दाराशी काहीच न कळता तासभर उभे असतील, तर फलक कोणी वाचत नाही. म्हणून तिथे बसायची वेगळी जागा, दर काही वेळाने माहिती द्यायला येणारा एक माणूस आणि डॉक्टरांना मागच्या बाजूने निघता येईल असे दुसरे दार, या तीन गोष्टी आम्ही आराखड्यातच मागतो.

आता आमच्याकडे अकरा माणसे आहेत आणि गाळ्याशेजारचा दुसरा गाळाही घेतला आहे. सरकारी निविदांमध्ये सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम जाते, त्यामुळे पुष्कळ कामे आम्हाला मिळत नाहीत, आणि मिळालेल्या खासगी कामांची बिले कधी कधी वर्षभर अडकतात. हा भार पत्नीने न बोलता पेलला. मला अधिक सलते ते हे, की लाखो रुपयांच्या यंत्रणेशेजारी बारा तास उभ्या असणाऱ्या रक्षकाला अनेक ठिकाणी साधी खुर्ची मिळत नाही. आमच्या कोटेशनमध्ये आता शेवटची ओळ 'गेटवर रक्षकासाठी खुर्ची, पंखा व पिण्याचे पाणी' अशी असते. काही व्यवस्थापक ती खोडतात. गेल्या महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका रुग्णालयाने ती ठेवली, आणि परवा तपासणीला गेलो तेव्हा तिथले काका खुर्चीवर बसून आलेल्या प्रत्येकाचा पास नीट वाचत होते.