अपडेटवर आळ आलेला टॅब

‘सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल.’ बंद पडलेला टॅब घेऊन कुठल्याही मोबाइलच्या दुकानात गेलं की हे वाक्य ऐकायला मिळतं. देवगडच्या बाजारातही मिळालं. दुकानदाराने भाऊंचा टॅब हातात घेतला, पॉवरचं बटण दाबून धरलं, लोगो येऊन तिथेच थांबलेला बघितला आणि भाव सांगितला. त्याच्यावर माझा राग नाही. अपडेटनंतर लोगोवर अडकलेले कितीतरी टॅब त्याने असेच चालू करून दिले असणार. पण भाऊंना टॅबशी देणंघेणं नव्हतं, त्यांना आतला हिशेब हवा होता.

भाऊ म्हणजे माझे सासरे. कुणकेश्वरच्या अलीकडे आमची आंब्याची कलमं आहेत. पाच डझनी पेटी कुणाला गेली, कुठल्या गाडीने गेली, पैसे आले की ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर राहिले, मेअखेरीस कॅनिंगला किती किलो घातला, हे सगळं पूर्वी लाल वहीत असायचं. नातवाने टॅबवर एक हिशेबाचं अॅप घालून दिलं आणि भाऊ त्यात असे रमले की वही माळ्यावर गेली. बॅकअप मात्र त्यांना अजिबात मान्य नव्हता. आपले हिशेब लोकांच्या घरात कशाला ठेवायचे, हा त्यांचा सवाल.

तर एका रात्री टॅब चार्जिंगला असताना अपडेट आपोआप बसलं आणि सकाळी पडद्यावर फक्त लोगो. ‘ह्या अपडेटान मारल्यान माका,’ म्हणून भाऊ पडवीत बसून राहिले. उधारी वसूल करायचे दिवस, त्यामुळे घरात सुतकच. शेजारच्या काकी येऊन सांगून गेल्या, ‘तांदळात घालून ठेय गो रातभर.’ तांदूळ फार तर वरवरचा ओलावा ओढतील. (काकी चष्मासुद्धा तांदळात ठेवतील.)

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा काढून देता देता लोकांचे मोबाइलही हाताखालून जातात. त्यामुळे एक गोष्ट पक्की माहीत होती: रीसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून टॅब नव्यासारखा करणं, हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. नव्या अँड्रॉइडमध्ये सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच यंत्राच्या चिपशी बांधलेली असते. रीसेट केलं की किल्लीच नष्ट होते. मग चिप काढून मुंबईला पाठवा नाहीतर आणखी कुठे, आतलं काही वाचता येत नाही. शिवाय रीसेट झाल्यावर टॅब आधीचं गुगल खातं मागतो. ही सोय 2015 साली अँड्रॉइड 5.1 मध्ये आली, चोराला टॅब वापरता येऊ नये म्हणून. आमच्या टॅबवरचं खातं नातवाने काढलेलं, पासवर्ड कुणाच्याच लक्षात नाही. म्हणजे हिशेब गेला असता आणि टॅबही दाराशीच अडला असता.

दुसरं म्हणजे, अपडेट अर्धवट बसून टॅब मेला, हेच मला पटत नव्हतं. 2016 साली अँड्रॉइड 7 आलं तेव्हापासून बऱ्याच यंत्रांत सिस्टिमच्या दोन जागा असतात. तुम्ही एकीवर काम करत असता, नवी सिस्टिम दुसरीवर लिहिली जाते, आणि रीस्टार्ट झाल्यावर नवी धड उठली नाही तर यंत्र आपणहून जुनीवर परत जातं. भाऊंचा टॅब त्यातलाच. तो काही केल्या जुन्यावर जाईना, नव्यावरही उठेना.

रिकव्हरीच्या, म्हणजे बिघडलेला टॅब सावरायच्या मेनूत जायचा प्रयत्न केला. पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरायचं, ही नेहमीची रीत. तरी पुन्हा तोच लोगो. मग पडवीतून आत अंधारात नेऊन बघितलं तेव्हा लोगोच्या खाली, अगदी कडेला, मुंगीएवढी पांढरी अक्षरं दिसली. माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचली: ‘फास्टबूट मोड’.

म्हणजे टॅब अडकलेला नव्हताच. तो कॉम्प्युटरकडून हुकूम यायची वाट बघत उभा होता. फास्टबूट ही दुरुस्तीवाल्यांची खोली, तिथे सहसा मुद्दाम जावं लागतं: टॅब सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. आणि इथे ते कुणीच दाबलेलं नव्हतं.

मग आठवलं. गेले कित्येक दिवस भाऊ तक्रार करत होते की भजन लावलं की आवाज आपोआप बारीक होतो. सगळ्यांनी नातवाच्या नावाने बोटं मोडली होती. टॅबचं रबरी कव्हर काढलं. कडेला, बटणाच्या फटीत, पांढरट-हिरवट खारा थर साचला होता. वरचं टोक दाबलं की टक् असा आवाज यायचा आणि बोटाखाली उसळी जाणवायची. खालचं टोक दाबलं तर आवाजही नाही, उसळीही नाही, ते आत बसूनच राहिलेलं. टॅबची जागा पडवीतल्या खिडकीत, समोर समुद्र. आमच्याकडे ग्रिलची सळी, पंख्याची पाती, गॅसची शेगडी काहीही खाऱ्या हवेतून सुटत नाही. टॅब सुटेल असं का वाटावं?

टॅब एरवी महिनोन्‌महिने बंद होत नाही, नुसता झोपतो आणि जागा होतो. त्यामुळे दबलेल्या बटणाने फक्त आवाज कमी होत राहिला. अपडेटने त्याला पहिल्यांदा खरोखर रीस्टार्ट केलं, उठताना त्याने बटणं तपासली, आणि खालचं बटण दाबलेलं बघून इमानदारीत फास्टबूटमध्ये जाऊन बसला. रिकव्हरीत जाईना तोही ह्याच कारणाने. अपडेट बिचारं मधल्या मधे बदनाम झालं.

दुकानातल्या लॅपटॉपला केबलने जोडला. ‘फास्टबूट डिव्हायसेस’ हुकूम दिल्यावर टॅबचा नंबर आला, म्हणजे बोर्ड जिवंत. रीस्टार्टचा हुकूम द्यायचा नव्हता, कारण बटण अजून दबलेलंच, तो फिरून तिथेच आला असता. ‘फास्टबूट कंटिन्यू’ दिलं. ह्याचा अर्थ, थांबला आहेस तिथून पुढे चालू लाग. लोगो गेला, ‘अपडेट पूर्ण करत आहे’ असं काहीतरी आलं, आणि बऱ्याच वेळाने भाऊंचा नेहमीचा वॉलपेपर, कुणकेश्वराचं देऊळ. भाऊ म्हणाले, ‘जितो झालो!’

अर्धाच जिता झाला होता. खालच्या कोपऱ्यात ‘सेफ मोड’ लिहिलेलं. सुरू होताना आवाजाचं खालचं बटण दाबलेलं राहिलं की अँड्रॉइड सेफ मोडमध्ये उठतं आणि आपण टाकलेली अॅप बंद ठेवतं. फवारणीचे फोटो, बिलांचे फोटो केबलने लॅपटॉपवर उतरवून घेतले. हिशेबाचं अॅप मात्र उघडेना, आणि त्याच्या आतल्या फाइलींना बाहेरून हात लावता येत नाही. बटण सोडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्यांकडून थोडं आयपीए आणलं. हे बोर्ड धुवायचं अल्कोहोल, लगेच उडून जातं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट वापरू नये, त्यात पाणी असतं. टॅब पूर्ण बंद केला, बटणाची बाजू खाली धरली म्हणजे द्रव आत पडद्याकडे जाणार नाही, आणि मऊ टूथब्रशने फटीत थोडं थोडं लावत गेले. मधे मधे लाकडी टूथपिकने बटण हलवायचं. ब्रश हिरवा होत होता. बराच वेळ काही नाही, मग खालचं टोक किंचित वर आलं, पुन्हा बसलं, पुन्हा आलं. शेवटी एक बारीकसा टक् ऐकू आला. भाऊ चष्मा लावून हे सगळं बघत होते. एवढं लक्ष त्यांनी माझ्या कुठल्याही कामाकडे दिलेलं नाही.

वाळू दिला आणि चालू केला. ह्या वेळी कोपऱ्यात काही लिहिलेलं नव्हतं. अॅप उघडलं, उधारीच्या याद्या जशाच्या तशा. पहिल्यांदा त्या एक्सपोर्ट केल्या, एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह भाऊंनी स्वतः कपाटात ठेवला, ‘आपल्याच घरात’ म्हणून तो चालतो. शिवाय यादीची झेरॉक्स मागितली, तीही दिली.

बटण पुरतं बरं झालेलं नाही. बाजूच्या बटणांची स्ट्रिप बदलावी लागेल असं मोबाइलवाला म्हणाला, आणि हेच काम त्याच्याकडेच दिलं आहे, कारण टॅब उघडायची हत्यारं माझ्याकडे नाहीत. स्ट्रिप अजून यायची आहे. तोवर टॅब बंद होऊ द्यायचा नाही असा घरात हुकूम आहे. लाईट गेली की भाऊ आधी बॅटरी किती टक्के ते बघतात आणि मग इन्व्हर्टरवरचा पंखा बंद करायला लावतात.