उतारावरची फटफट आणि सैल क्रॉसओव्हर पाईप

घाट चढून माथ्यावर पोचेपर्यंत गाडीची काहीही तक्रार नव्हती. उतार लागला, ॲक्सिलरेटर सोडला आणि पायाखालून फट् फट् बार निघायला लागले. वळणात गाडी टाकली की एक, गिअर उतरवला की दोन. मागून येणारा मित्र हॉर्न वाजवत शेजारी आला आणि हेल्मेटची काच वर करून ओरडला, "अरे, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय तुझ्या!" माझ्या गाडीला कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे, हे सांगत बसायची ती वेळ नव्हती.

चढावर गप्प आणि उतारावर बार, यातच अर्धं निदान होतं. ॲक्सिलरेटर पिळलेला असतो तेव्हा एक्झॉस्टच्या पाईपमध्ये आतून बाहेर दाब असतो. कुठे फट असलीच तर धूर बाहेर येतो आणि आवाज जरासा भसाडा होतो, पण चढावर इंजिन तसंही ओरडत असल्यामुळे ते कानाला जाणवत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की धुराचे ठोके कमजोर पडतात, दोन ठोक्यांच्या मधे पाईपमध्ये क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. आत न जळलेलं थोडं पेट्रोल असतंच. त्याला तापलेल्या पाईपमध्ये ताजा ऑक्सिजन मिळाला की ते तिथेच पेटतं. म्हणजे बार इंजिनात होत नव्हता, इंजिनाच्या बाहेर पाईपमध्ये होत होता, आणि कुठेतरी हवा आत येत होती.

रस्ता रुंद झाला तिथे सपाट जागा बघून गाडी मेन स्टँडवर घेतली आणि खाली वाकून पाहिलं. दोन सिलिंडरची गाडी असल्यामुळे दोन बेंड पाईप हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागातून, निघून खाली येतात आणि इंजिनाच्या खाली त्या दोघांना जोडणारा एक आडवा पाईप आहे, तोच क्रॉसओव्हर. त्याचा एक भाग दुसऱ्यात सरकवलेला असतो आणि वरून क्लॅम्पने, म्हणजे बोल्टने आवळायच्या पट्ट्याने, आवळलेला असतो. त्या क्लॅम्पच्या डाव्या कडेपासून इंजिनाच्या तळापर्यंत काजळीचा काळा पंखा उमटला होता. एक्झॉस्ट कुठे गळतंय हे शोधायला काजळीइतका सरळ पुरावा दुसरा नाही. हेडजवळच्या जोडावर मात्र डाग नव्हता, आणि ही फार मोठी सुटका होती. का ते पुढे येईलच.

मित्राने तोवर पाने काढलेसुद्धा. "आवळ आणि चल."

पाईप इतके तापलेले होते की हात लावायची सोय नव्हती. पाणी ओतून गार करायचा मोह अशा वेळी होतो, पण तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तो वाकडातिकडा आकसतो आणि आधीच सैल असलेला जोड आणखी बिघडतो. त्यामुळे पाऊण तास बसून राहणं आलं.

"हा पाईप लागतो तरी कशाला? दोन्ही सायलेन्सर आपापलं काम करतील की," मित्र म्हणाला. करतात की, आणि क्रॉसओव्हर नसलेल्या गाड्याही आहेत. पण ४००० आरपीएमवर दोन सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनातून सेकंदाला साधारण ६७ वेळा धूर ठोक्यांनी बाहेर पडतो. डाव्याचा ठोका येतो तेव्हा उजवीकडचा पाईप बराचसा मोकळा असतो. मधे वाट काढून दिली की प्रत्येक ठोक्याला दोन्ही सायलेन्सर मिळतात. आवाज उतरतो, दाबाचे चढउतार सौम्य होतात आणि मधल्या आरपीएमला गाडी जरा सलग ओढते. ट्रायंफने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ट्विन गाड्यांना हेडच्या जवळच असा जोडपाईप दिला, तोही आवाज कमी करायलाच. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्यांत सिलिंडर दोन बाजूंना तोंड करून असतात, तिथे हा पाईप इंजिनाखालून आडवा जातो.

"मग वेल्डिंग मारून टाकायचं एकदाच!" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि खरं तर चांगला प्रश्न. साधारण ४० सेंटीमीटरचा स्टेनलेस स्टीलचा पाईप ४०० अंशांनी तापला की जवळपास पावणेतीन मिलिमीटरने लांबतो. दोन पाईप, दोन्ही हेडला पक्के बांधलेले, आणि मधला आडवा पाईपही तापून लांबणारा. सगळं एकसंध वेल्ड केलं तर ती लांबी जाणार कुठे? कुठेतरी तडा जाणार. म्हणून तिथे सरकता जोड असतो, रोज तापताना आणि गार होताना किंचित हलणारा. त्यामुळेच तो कधीतरी सैल होतो यात नवल नाही. प्रश्न एवढाच होता की आत्ताच का झाला.

पाईप हात लावण्याजोगे झाल्यावर मी क्लॅम्पकडे न जाता मागे गेलो आणि हातमोजे घालून दोन्ही सायलेन्सर हलवून पाहिले. उजवा ठाम होता. डावा चक्क बोटभर खाली लोंबत होता. त्याला चासीला धरणारा मागचा बोल्ट गळून पडला होता, रबरी बुश तेवढा जागेवर शिल्लक होता. म्हणजे आख्ख्या सायलेन्सरचं वजन पुढच्या जोडावर आलं होतं, आणि दर खड्ड्याला तो जोड थोडा थोडा उपसला जात होता. पुढचा क्लॅम्प नुसता आवळला असता तर पुढचा घाट येईपर्यंत पुन्हा हेच झालं असतं.

बोल्ट कुठून आणायचा? मागच्या कॅरिअरला ८ मिलिमीटरचे चार बोल्ट आहेत. त्यातला एक काढला, मापात बसला. मागची बॅग उतरवून मित्राच्या गाडीवर बांधली, त्याला ते फारसं आवडलं नाही.

आता क्लॅम्प. कुठलाही क्लॅम्प आवळायच्या आधी त्याचे दोन कान, म्हणजे ज्यांतून बोल्ट जातो ती टोकं, पाहावेत. माझ्या क्लॅम्पचे कान एकमेकांना टेकले होते. म्हणजे बोल्ट कितीही पिळला तरी क्लॅम्पला आवळायला जागाच उरली नव्हती. पिळत राहिलं असतं तर आटे गेले असते, फट तशीच राहिली असती. उपाय सोपा आहे, क्लॅम्पच्या आत पत्र्याची पट्टी घालायची, म्हणजे क्लॅम्पचा व्यास तेवढा कमी होतो. मित्राने ॲल्युमिनियमचा रिकामा कॅन पुढे केला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं हे खरं, आणि इंजिनाखाली तेवढं तापत नाही हेही खरं, पण ते त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं आणि दाबाखाली हळूहळू पसरतं. लोखंडी पत्र्याचा डबा होता, त्याची पट्टी कात्रीने कापली आणि कडा कानशीने घासल्या. पट्टीची टोकं एकमेकांवर चढू दिली नाहीत, कारण तिथे जाडी दुप्पट झाली की क्लॅम्प एकाच बाजूला दाबतो.

मग आवळायच्या ऐवजी आधी सगळं सैल केलं. क्रॉसओव्हरचा क्लॅम्प, सायलेन्सरचे क्लॅम्प, उजव्या बाजूचा मागचा बोल्टसुद्धा. जोडाच्या आतली काजळी आणि गंज पोलिश पेपरने घासून काढला. हेडचे नट मात्र शिवले नाहीत. ते ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे, म्हणजे स्टड, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेले असतात, वर्षानुवर्षं तापून गंजलेले. एखादा मोडला तर रस्त्याच्या कडेला काहीही करता येत नाही, तुटका तुकडा बहुतेकदा ड्रिल करून काढावा लागतो. तिथे काजळी नव्हती, म्हणजे जोडातून धूर गळू न देणारं आतलं गॅस्केट शाबूत होतं. जिथे गळत नाही तिथे पाना लावू नये असं माझं ठाम मत आहे, निदान घरापासून लांब असताना तरी.

सैल केल्यावर पाईप आपोआप किंचित फिरले आणि जोड पूर्ण आत सरकला. आतापर्यंत तो तिरका अडकून होता. मग सगळे बोल्ट बोटांनी बसवले, सायलेन्सर हाताने उचलून सरळ धरले आणि पुढून मागे आवळत गेलो. आधी क्रॉसओव्हर, मग सायलेन्सरचे क्लॅम्प, सगळ्यात शेवटी चासीला धरणारे बोल्ट. ते आधी पिळले तर सायलेन्सर वाकड्या जागी पक्का होतो आणि त्याचा ताण पुन्हा पुढच्या जोडावर. क्लॅम्पच्या बोल्टचं डोकं खालून वळवून बाजूला घेतलं, नाहीतर स्टँड वर आला की आपटतं.

तपासायला दोन माणसं होती हे बरं झालं. इंजिन गार असताना चालू केलं, आणि दोघांनी एकेका सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं काही सेकंद दाबून धरलं. आतला दाब वाढतो आणि कुठे फट असेल तर फुस्स आवाज येतो. जोडावर थोडं पाणी झिरपून दोन काळपट थेंब लोंबले आणि थांबले. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरभर पेट्रोलमागे जवळपास लिटरभर, आणि गार पाईपमध्ये ते थेंब होऊन साचतं. पाईप आतून गंजतात ते याच पाण्याने. (उघड्यावर होतो म्हणून इतका वेळ इंजिन चालू ठेवलं. बंद जागेत हा प्रयोग करू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

फुस्स नव्हतं. निघालो.

उरलेल्या उतारावर बार बंद झाले. लांब उतारावर एखादं बारीक पट् होत होतं, तेवढं या इंजिनाचं नेहमीचं आहे. मुक्कामाला पोचून गाडी पूर्ण गार झाल्यावर क्लॅम्पला पुन्हा पाना लावला तर पाव फेरा आत गेला. पत्रा पहिल्यांदा तापून बसला की एवढं होतंच, ती दुसरी आवळणी चुकवू नये. कॅरिअरचा बोल्ट जागेवर होता. कान मात्र पुन्हा टेकायला आले होते, त्यामुळे घरी गेल्यावर क्लॅम्प नवा, रुंद पट्टीचा, आणि मागच्या दोन्ही बोल्टांना लॉकनट, म्हणजे हादऱ्यांनी सहज न सुटणारे नट.

"आणि माझ्या गाडीवरची बॅग?" मित्राने विचारलं. ती घरापर्यंत त्याच्याकडेच राहिली.