पुस्तकाविना टेन्युअर: माझा अनुभव

अमेरिकन विद्यापीठांत टेन्युअरचा, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम नेमणुकीचा, निकाल साधारण सहाव्या वर्षी लागतो. एकतर कायम व्हायचं, नाहीतर वर्षभरात गाशा गुंडाळायचा. इतिहासासारख्या विषयात त्यासाठी एक पुस्तक हवं, असा रूढ संकेत. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. थोडे लेख होते, आणि मुख्य काम म्हणजे जुन्या पत्रव्यवहाराची ऑनलाइन संपादित आवृत्ती: मूळ पानाची प्रतिमा, शेजारी पाठ, टिपा, आणि कोणतं पत्र कुठून कुठे गेलं ते शोधता येईल असा नकाशा.

फाइल लावायला घेतली आणि पहिलीच सूचना आली, "सगळं छापून जोडा." छापला की नकाशा संपला, उरतं ते रंगीत चित्र. इथे कामी आली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं. डिजिटल काम छापून नव्हे, त्याच्या मूळ माध्यमातच तपासावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. ती मी फाइलच्या सुरुवातीलाच लावली. संघटनेचा कागद पुढे ठेवला की ज्येष्ठ मंडळी जरा मवाळ होतात. (कागदाचा महिमा, दुसरं काय!)

खरी अडचण पीअर रिव्ह्यूची, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीची. पुस्तक विद्यापीठ प्रकाशनाकडून आलं की समिती निम्मी निश्चिंत असते, कारण पारख आधीच कुणीतरी केलेली असते. संकेतस्थळावर तसा शिक्का नसतो. 'हे कुणी तपासलं?' हा प्रश्न मला मुळीच अपमानाचा वाटला नाही. ऑनलाइन कुणीही काहीही चढवू शकतं, हे खरंच आहे की. आवृत्तीचं परीक्षण एका नियतकालिकात आलं होतं, ते जोडलं. शिवाय बाह्य परीक्षकांत डिजिटल संपादन जाणणारं कुणीतरी असावं, असा विभागप्रमुखांकडे आग्रह धरला. परीक्षकांची अंतिम निवड आपल्या हातात नसते, पण कोणती जाण लागेल ते सांगता येतं.

संकेतस्थळ रोज बदलू शकतं. मग परीक्षक नेमकं काय वाचणार? ग्रंथालयाने एका ठरावीक तारखेची प्रत आपल्या भांडारात ठेवून तिला डीओआय (न बदलणारा ओळख-क्रमांक, जो दुवा म्हणूनही चालतो) दिला, आणि सगळ्यांना तोच दुवा गेला. समितीतल्या एकांनी विचारलं, "दहा वर्षांनी हे उघडेल?" प्रश्न वर्मावर होता. 2020 च्या अखेरीस अडोबीने फ्लॅश हे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि नकाशे चालवणारं सॉफ्टवेअर बंद केलं आणि त्यावर उभे असलेले कितीतरी प्रकल्प ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. माझा पाठ टीईआयच्या (संपादित मजकुरावर खुणा करण्याच्या एका प्रमाणित) पद्धतीने एक्सएमएलमध्ये आहे, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत. नकाशा उद्या बंद पडला तरी पत्रं वाचता येतील, असं उत्तर दिलं.

प्रोग्रामर, विद्यार्थी, ग्रंथपाल यांनी काय केलं आणि मी काय केलं, याचंही एक टिपण लागलं. एकट्याने लिहिलेल्या पुस्तकांची सवय असलेल्यांना ते नसतं तर सगळं श्रेय संगणकाचंच वाटलं असतं.

टेन्युअर मिळालं. त्यानंतर विभागाने स्वतःचे निकष लिहायला घेतलेत. अशी आवृत्ती एका पुस्तकाच्या तोडीची धरायची की दोन-तीन लेखांच्या, यावर गाडी अडली आहे. मी पुस्तकाच्या बाजूने भांडते, अर्थातच.