पेंबाचे वटवाघूळ: वर्गीकरणाचा तक्ता आणि अधिवासाचा नकाशा

हिंदी महासागरातील बेटांवरच्या फळभक्षी वटवाघळांचा जो सचित्र तक्ता मी तयार करत आहे, त्यातील टांझानियाच्या पेंबा बेटाचे पान आता पूर्ण झाले आहे. टेरोपस व्होल्टझकोवी ही जाती जगात केवळ याच बेटावर राहते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पॉल मात्शी यांनी १९०९ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले.

कूळ टेरोपोडिडी, प्रजाती टेरोपस, एवढे लिहिणे सोपे होते. खरा विचार करावा लागला तो प्रजातीच्या आतील नातेसंबंधांचा. आफ्रिकेचा किनारा जेमतेम पन्नास किलोमीटरवर असूनही आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर टेरोपसची एकही जाती नाही. जनुकीय अभ्यासानुसार पेंबाच्या वटवाघळाचे जवळचे नातलग मादागास्कर, अल्दाब्रा आणि सेशेल्स येथे आहेत, आणि आपल्याकडे गावोगावी वडा-पिंपळावर लटकणारे मोठे वटवाघूळही त्याच गोतावळ्यातले आहे. त्यामुळे तक्त्यातील नात्याची रेघ मी आफ्रिकेकडे न नेता पूर्वेला, आशियाकडे नेली आहे. मुख्य भूमीवरील इतर फळभक्षी वटवाघळांशी असलेली स्पर्धा हे या अनुपस्थितीचे एक कारण सुचवले जाते; पण ते सिद्ध झालेले नसल्याने मी त्याची नोंद केवळ समासात केली आहे.

नकाशावर अधिवास रंगवताना मात्र मन खिन्न झाले. एकोणिसाव्या शतकात लवंगेच्या बागांसाठी बेटावरील बहुतेक मूळ जंगल तोडले गेले आणि वायव्येकडील न्गेझी हाच त्याचा मोठा तुकडा उरला. तरीही ही वटवाघळे केवळ जंगलावर अवलंबून नाहीत: जुन्या दफनभूमींत राखलेल्या उंच झाडांवरही त्यांच्या वसाहती असतात, तर अंजीरवर्गीय फळे, आंबा आणि नीरफणस खाण्यासाठी ती वस्तीपर्यंत येतात. म्हणून हिरव्या रंगाच्या एकाच पट्ट्याऐवजी मी विखुरलेले ठिपके काढले आहेत. शिकारीमुळे संख्या फार घटली होती. पुढे गावकऱ्यांच्या संरक्षण मंडळांनी वसाहती राखल्या, आणि नव्वदच्या दशकात पाच हजारांच्या आसपास असलेली संख्या नंतरच्या पाहणीत वीस हजारांच्या घरात गेली. पर्यटक जिथे शुल्क भरून ही वटवाघळे पाहतात ती किडिके येथील वसाहत मी ठळक अक्षरांत दाखवली आहे.

पुढचे पान कोमोरोसमधील लिव्हिंगस्टोनच्या वटवाघळाचे आहे. ते अंजुआन आणि मोहेली या दोनच बेटांवरील चढणीच्या जंगलांत राहत असल्यामुळे तिथे समोच्च रेषांसह नकाशा काढावा लागेल.